हा विषय कोणत्या हेडखाली टाकायचा?

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडी झालेल्या डॉक्टरांसाठी सरकारी रुग्णालयांत पदं निर्माण करण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

पत्र एक आणि नावं दोन, याचं कारण सांगते. मी शिकले एका विभागाच्या कॉलेजात, नोकरी मागितली दुसऱ्या विभागाच्या रुग्णालयात, आणि या दोघांच्या मधल्या फटीत माझा विषय कुठेतरी पडून गेला. तो शोधायला निघाले आहे.

मागच्या दिवाळीनंतर एका जिल्हा रुग्णालयात गेले होते. नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात गेले असते तरी हेच झालं असतं असं मला वाटतं. आस्थापना शाखेतल्या क्लार्कनं माझं डिग्री सर्टिफिकेट दोनदा वाचलं. "एमडी म्हणजे फिजिशियन ना मॅडम?" नाही म्हटलं, इमर्जन्सी मेडिसिन, म्हणजे तातडीच्या रुग्णांवरच्या उपचारांचा विषय. मग त्यानं मंजूर पदांचा कागद काढला आणि बोट फिरवत खाली आला : भिषक, शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, बधिरीकरणतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ. बोट कागदाच्या तळाशी पोचलं. "हा विषय कोणत्या हेडखाली टाकू?" त्यानं अगदी मनापासून विचारलं. माणूस चांगला होता, चहाही मागवला. शेवटी म्हणाला, "एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी म्हणून कंत्राटी घेता येईल. काम तेच आहे, कॅज्युअल्टीच बघायची."

काम तेच आहे, हे त्याचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. तिथपर्यंत पोचायला मला अकरा वर्षं लागली होती, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

मी एमबीबीएसला प्रवेश घेतला २००९ साली. तेव्हा 'नीट' ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा नव्हती, राज्याची सीईटी होती. योगायोग असा की त्याच वर्षी तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली. अमेरिकेत हा विषय १९७९ मध्ये अधिकृत झाला. इंग्लंडमध्ये त्याही आधी, १९५२ साली, लीड्सच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीसाठी पहिला पूर्णवेळ कन्सल्टंट नेमला गेला होता. आपण उशिरा निघालो, ठीक आहे. पण निघून दीड दशक होऊन गेलं, आणि गाडी अजून स्टँडातच उभी आहे.

साडेचार वर्षं अभ्यास, मग एक वर्ष इंटर्नशिप. त्या अख्ख्या वर्षात कॅज्युअल्टीच्या वाट्याला आले पंधरा दिवस. २०२१ च्या नव्या नियमावलीतही दोन आठवडेच आहेत. त्यातही बरेच इंटर्न सॅम्पल लॅबला पोचवणे, रक्तपेढीतून पिशवी आणणे आणि एमएलसीचे, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या केसेसचे, कागद भरणे यात ते दोन आठवडे घालवतात, आणि हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगते.

त्या पंधरा दिवसांतली एक रात्र. बांधावर पाय पडून घोणस चावलेला, चाळिशीचा शेतकरी. पाऊल टरारून सुजलेलं, हिरड्यांतून रक्त. सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचे वैद्यकीय अधिकारी, वरच्या वॉर्डात एका कॉलवर गेलेले. पुस्तकात वाचलेलं होतं की वीस मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट करायची. मी दोन एमएल रक्त काढलं आणि समोर होती त्या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये भरलं. पाच मिनिटांनी अधीर होऊन ती तिरकी करून बघायला लागले, तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, अशी नाही करायची ती."

ते आमचे मामा. ज्यांनी सरकारी दवाखान्यात काम केलंय त्यांना मामा-मावशी कोण ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी, वॉर्डबॉय. मामा कपाटाकडे गेले. वरच्या फळीवर एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवलेल्या काचेच्या कोऱ्या ट्यूब होत्या. "प्लास्टिकमध्ये रक्त गोठत नाही नीट, उगाच विषारी दाखवतं. साबणानं धुतलेलीपण चालत नाही. यात भरा, टेबलावर ठेवा, आणि घड्याळात वीस मिनिटं होईपर्यंत हात लावू नका. मग एकदाच आडवी करा." वीस मिनिटांनी ट्यूब आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. सिस्टरांनी सापाच्या लसीच्या दहा वाइल्स काढल्याच होत्या.

मामा त्या दारात बावीस वर्षं होते. सीएमओ सहा महिन्यांनी बदलले. बॉन्डवाले वर्षानं जायचे, मेडिसिनचा रेसिडेंट चोवीस तासांनी, आणि आम्ही इंटर्न पंधरा दिवसांनी. इतक्या वर्षांचा अनुभव त्या खोलीत एकाच माणसाच्या डोक्यात साठलेला होता, आणि तो माणूस चतुर्थश्रेणीत होता. मामांचं मला कौतुकच आहे. पण रुग्णाला सापाचं विष आहे की नाही हे बिस्किटाच्या डब्यावर अवलंबून असावं, ही व्यवस्था म्हणून मला मान्य नाही.

इंटर्नशिपनंतर एक वर्षाचा बॉन्ड, ग्रामीण रुग्णालयात. सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला हे करावंच लागतं, नाहीतर दहा लाख भरा. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लोकांच्या पैशावर शिकले आहे. पण त्या वर्षी कॅज्युअल्टीच्या खुर्चीत एकटी बसले तेव्हा माझ्या गाठीला तेच पंधरा दिवस होते. एक ट्यूब टाकायची वेळ आली. श्वासनलिकेत नळी घालणं मी पुतळ्यावर दोनदा आणि ऑपरेशन थिएटरमध्ये मॅडम शेजारी उभ्या असताना एकदा केलं होतं. त्या रात्री शेजारी कुणी नव्हतं. नळी अन्ननलिकेत गेली, ते कळलं, काढली, अ‍ॅम्बूनं, म्हणजे हातानं दाबायच्या पिशवीनं, श्वास देत देत १०८ मध्ये बसून जिल्ह्याला नेलं. तो पेशंट वाचला. त्यात माझं काही नव्हतं.

त्या अपमानातून मी हा विषय घेतला. घरचे म्हणाले, रेडिओलॉजी घे, डर्मा घे, रात्रीची झोप तरी मिळेल. माझ्या रँकला राज्यात या विषयाची जागा नव्हती, बाहेरच्या राज्यात गेले. तीन वर्षं. शेवटचं वर्ष कोविडात गेलं, त्याबद्दल इथं लिहीत नाही.

महोदय, "काम तेच आहे" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की कॅज्युअल्टी म्हणजे सलाईन लावायचं, कॉल टाकायचा आणि वरच्या वॉर्डात पाठवायचं. तीन वर्षांत आम्ही नेमकं काय शिकतो, याचा एकच नमुना देते, आपल्याच मातीतला.

कीटकनाशक पोटात गेलेला पेशंट. मराठवाडा-विदर्भात हे रोजचं आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्या लक्षात असेल. असा पेशंट आला की तोंडातून फेस, घामानं भिजलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाला लसणासारखा उग्र वास. औषध अ‍ॅट्रोपिन, हे एमबीबीएस झालेल्या प्रत्येकाला पाठ असतं. किती द्यायचं, इथं गाडी अडते. बॉन्डमध्ये मी दोन-दोन अ‍ॅम्प्युल देत होते आणि टॉर्च मारून बाहुल्या बघत होते. बाहुल्या मोठ्या झाल्या की वाटायचं, झालं काम. एमडीच्या पहिल्याच महिन्यात सरांनी टॉर्च हातातून काढून घेतला आणि स्टेथोस्कोप पुढे केला. "बाहुल्यांनी कुणी मरत नाही. छाती ऐक." हा पेशंट स्वतःच्याच फुफ्फुसातल्या पाण्यात बुडत असतो. म्हणून दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करायचा : पाच अ‍ॅम्प्युल, मग दहा, मग वीस, छातीतली घरघर थांबेपर्यंत. एक सिस्टर आणि एक इंटर्न नुसत्या काचेच्या अ‍ॅम्प्युल फोडायला बसतात, बोटं कापतात. आणि घरघर थांबल्यावर कुठे थांबायचं हेही कळावं लागतं, नाहीतर पेशंट अ‍ॅट्रोपिननंच बरळायला लागतो, ताप चढतो. पहिल्या अर्ध्या तासाचं हे काम, आणि त्या अर्ध्या तासात फिजिशियन घरून निघून गाडीत असतो.

असंच भूलशास्त्रात, आयसीयूत, लेबर रूममध्ये, लहान मुलांच्या वॉर्डात, ऑर्थोत आम्हाला फिरवतात. लोक विचारतात, सगळ्यांतलं थोडं थोडं येतं म्हणजे नक्की काय येतं? पहिला तास येतो. छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस कपाळावर विषय लिहून येत नाही. तो हार्टचा आहे, न्यूमोथोरॅक्सचा (फुफ्फुसाभोवती हवा साठल्याचा) आहे की नुसत्या अ‍ॅसिडिटीचा, हे ठरेपर्यंत तो कुठल्याच वॉर्डाचा नसतो. तेवढा वेळ तो आमचा.

इथे सोनोग्राफीचंही सांगितलं पाहिजे. मोटारसायकलवरून पडलेल्या पेशंटच्या पोटात रक्त साठतंय का, हे सोनोग्राफीचा प्रोब ठेवून दोन-तीन मिनिटांत दिसतं. आमच्या अभ्यासक्रमात ते आहे, परीक्षेत विचारतात. प्रत्यक्षात मशीन रेडिओलॉजीच्या खोलीत कुलपात आणि किल्ली साहेबांकडे. कारण पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा. मी बीडची आहे. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. हा कायदा कशासाठी आहे ते मला कुणी शिकवू नये, आणि तो सैल करा असंही मी म्हणत नाही. मशीनची नोंद करा, वापरणाऱ्याची नोंद करा, हवं तर कॅज्युअल्टीत मशीनवर कॅमेरा लावा. पण ज्याला हे शिकवलं आणि ज्याची परीक्षा घेतली त्याचं नाव त्या नोंदीत कसं घालायचं, याचं एक स्वच्छ परिपत्रक काढा. आज प्रत्येक जिल्ह्यात ज्याला जसं सुचेल तसं चालतं आणि भीतीपोटी कुलूप सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

आता वैद्यकीय शिक्षण विभागासाठी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत प्रत्येक मेडिकल कॉलेजात इमर्जन्सी मेडिसिनचा स्वतंत्र विभाग अनिवार्य झाला होता. आम्ही पेढे वाटले होते, खरंच वाटले होते. २०२३ च्या नव्या नियमावलीनं अत्यावश्यक विभागांच्या यादीतून तो काढून टाकला. आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या राज्यात एका दिवशी दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं : मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. ही यादी पुन्हा एकदा वाचा. गडचिरोलीत साप चावला, भंडाऱ्यात विजेचा धक्का बसला, बुलढाण्यात समृद्धी महामार्गावर गाडी उलटली, तर रुग्ण कुठे येणार? १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ माणसं गेली, तो बुलढाणाच.

दिल्लीनं विभाग सक्तीचा नाही म्हटलं, म्हणजे उघडायला मनाई आहे असं नव्हे. नियमावलीच्या नावातच 'किमान' हा शब्द आहे. राज्यानं किमानापेक्षा जास्त करायला कुणी अडवलेलं नाही. या दहा कॉलेजांत हा विभाग पहिल्या वर्षापासून उघडला, तर तिथून बाहेर पडणारा प्रत्येक एमबीबीएस निदान कुणाच्या तरी हाताखाली ट्यूब टाकायला शिकलेला असेल. आणि पुढे तिथेच एमडीच्या जागा मागता येतील. विभाग नाही तर प्राध्यापक नाहीत, प्राध्यापक नाहीत तर जागा नाहीत, जागा नाहीत म्हणून डॉक्टर नाहीत, आणि डॉक्टर मिळत नाहीत म्हणून विभाग नाही. हा पाळणा कुठून तरी थांबवायला हवा.

सार्वजनिक आरोग्य विभागासाठी साधा हिशेब. आठवड्याचे तास १६८. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांच्या योजनेत आठवड्याला ४८ तास ड्युटी धरली आहे. (हे वाचून हसणारे रेसिडेंट मला आत्ताच दिसताहेत. असो.) १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा धरल्या तर पाच. एका जिल्हा रुग्णालयाची कॅज्युअल्टी रात्रंदिवस शिकलेल्या माणसाच्या हाती द्यायची तर पाच पदं लागतात. एकदम पाच नसतील तर दोनांपासून करा. रात्रीची पाळी आणि कनिष्ठांना शिकवणं एवढं तरी ते दोघं धरतील.

२०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे. ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली आणि बहुतेक राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो तिथे आपण डॉक्टर बसवला. हे आपण चांगलं केलं. पण ती गाडी सायरन वाजवत येते आणि स्ट्रेचर ज्याच्या ताब्यात देते तो मुलगा कॅज्युअल्टीत परवा रुजू झालेला असतो.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळणार आहे : आधी आहेत ती तज्ज्ञांची पदं भरत नाहीत, नवी कुठून काढायची? आणि काढली तरी तुमचे एमडी येणार आहेत का जिल्ह्यात? पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, तो आपला आहे. दुसऱ्याला आहे, पण ते फारसं अभिमानाचं नाही. माझ्याबरोबरच्यांपैकी एक जण एमआरसीईएमच्या, म्हणजे या विषयातल्या ब्रिटिश पात्रतेच्या, परीक्षा देऊन इंग्लंडला गेला, एक बेंगळुरूला, एक दुबईत. मी पुण्यात एका खाजगी रुग्णालयात आहे. पगार चांगला आहे, सोनोग्राफीचं मशीन पेशंटच्या उशाशी आहे, आणि अ‍ॅट्रोपिनचा पेशंट वर्षातून एखादा येतो. तेव्हा अ‍ॅम्प्युल फोडायला मीच आधी हात पुढे करते. आमच्यातले सगळे परत येतील असं वचन मी कुणाच्या वतीनं देऊ शकत नाही. पण ज्या दारावर आपल्या विषयाची पाटीच नाही, त्या दाराशी कुणी आलं नाही म्हणून त्याला दोष कसा द्यायचा?

शिवाय सगळी भिस्त एमडींवर ठेवायचीही गरज नाही. बॉन्डवर जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला रुजू होण्याआधी चार आठवडे एखाद्या चालत्या इमर्जन्सी विभागात ठेवा. त्यांची वहीत नोंद घ्या : किती ट्यूब टाकल्या, किती ईसीजी वाचले, सापाचे किती पेशंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. पीजीचे विद्यार्थी तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवायची योजना आधीच चालू आहे. इमर्जन्सीच्या रेसिडेंटना तिथे ओपीडीत न बसवता कॅज्युअल्टीतच ठेवा, म्हणजे त्यांच्या बरोबरीनं इंटर्नही शिकतील. यातल्या कशालाच दिल्लीची परवानगी लागू नये.

आणि जिल्ह्यात राहून काही घडत नाही हे तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. विंचू चावून कोकणात माणसं मरत होती तेव्हा प्राझोसिनची गोळी त्यावर चालते हे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाड-बिरवाडीच्या परिसरात, पेशंटच्या उशाशी रात्री जागून दाखवलं. जगानं ते नंतर वाचलं. कॅज्युअल्टीत टिकून राहणारा एक माणूस किती करू शकतो, त्याचं उदाहरण शोधायला आपल्याला परदेशात जावं लागत नाही.

१९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जखमी माणसाला कुठल्याही डॉक्टरनं परत पाठवायचं नाही, आधी उपचार, मग पोलीस आणि कागद. म्हणजे दार उघडं ठेवणं आपल्यावर बंधनकारक आहेच. आत कोण असावं हे मात्र न्यायालयानं आपल्यावर सोडलं.

त्या क्लार्कनं माझा अर्ज ठेवून घेतला आहे. 'पदनाम' या रकान्यात त्यानं पेन्सिलनं एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाला, "हेड आलं की खोडून शाईनं लिहू." माझा फोन नंबर अर्जावर आहे.

आपली,
इमर्जन्सी मेडिसिनची एक डॉक्टर

ता.क. : पदं निघायला वेळ लागतो हे मला कळतं. तोवर एक काम खरेदी शाखेला लगेच करता येईल. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत कोरड्या, न वापरलेल्या काचेच्या टेस्ट ट्यूब पाठवा, आणि त्या कशासाठी आहेत त्याची दोन ओळींची चिठ्ठी डब्यावर चिकटवा. पावसाळ्याच्या आधी पोचल्या तर बरं.